न्यू जर्सीत डिपॉझिटचा दावा लावण्याआधीची तयारी

एडिसन किंवा जर्सी सिटीतलं भाड्याचं घर सोडून महिना उलटून गेला, डिपॉझिट आलं नाही, आता घरमालक फोनही उचलत नाही. आपली मंडळी इथवर आली की बहुतेक वेळा पैशांवर पाणी सोडतात. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यात व्हिसावर राहणाऱ्याला वाटतं की कोर्टाच्या कागदावर आपलं नाव यायलाच नको. पण हा दिवाणी दावा आहे, फौजदारी नाही, आणि तो लावायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. शिवाय या एका बाबतीत न्यू जर्सीचा कायदा भाडेकरूच्या पाठीशी फार ठामपणे उभा आहे. म्हणून मला मनापासून वाटतं की हे पैसे सोडू नयेत. मात्र न्यायाधीश तुमचा मनस्ताप मोजत नाहीत. कोणी, किती, कोणत्या कायद्याने आणि कशावरून, एवढंच ते पाहतात. तयारीही त्याच क्रमाने करायची.

पहिलं काम कॅलेंडर काढायचं. भाडेकरार कधी संपला, किल्ल्या कधी दिल्या, नवा पत्ता लेखी कधी कळवला, या तीन तारखा एका कागदावर लिहा. कायद्याप्रमाणे मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत घरमालकाने डिपॉझिट व्याजासह परत करायला हवं, आणि काही कापून घेतलं असेल तर कशाकशाचे किती, याची यादी हातोहात किंवा रजिस्टर्ड वा सर्टिफाइड टपालाने द्यायला हवी. नुसतं ‘कार्पेट खराब केलं’ असा मेसेज म्हणजे यादी नव्हे. नवा पत्ता अजून लेखी दिला नसेल तर आजच सर्टिफाइड टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा, म्हणजे ‘कुठे पाठवू ते माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

त्याच बैठकीत घर कसलं होतं तेही तपासा. आपल्यातले पुष्कळ जण दोन कुटुंबांच्या घरात, वर मालक आणि खाली आपण, असे राहतात. मालक स्वतः तिथेच राहत असेल आणि भाड्याची घरं दोनपेक्षा जास्त नसतील, तर डिपॉझिटचा कायदा आपोआप लागू होत नाही. तो लागू करून घ्यायला भाडेकरूने आधी ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अशा घरात सध्या राहत असाल तर ती नोटीस घर सोडायच्या वेळेची वाट न पाहता आताच देऊन टाका.

मग हिशेब. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावं लागतं. कोणत्या बँकेत, किती दराने, हे मालकाने भाडेकरूला लेखी कळवायचं असतं. तसं पत्र तुम्हाला कधी आलं होतं का, ते शोधा. नसेल आलं तर तोही मुद्दा नोंदवा. आता खरा जोर ज्यात आहे ती गोष्ट: चुकीने अडवून ठेवलेल्या रकमेची दुप्पट, वर कोर्टाचा खर्च, आणि वकील केला असेल तर, कोर्टाला योग्य वाटल्यास, त्याची वाजवी फी, हे सगळं कायदा भाडेकरूला मिळवून देतो. पण तुमच्याकडे शेवटच्या महिन्याचं भाडं खरोखरच बाकी असेल तर ते प्रामाणिकपणे आधी वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट मागा. मालक ते समोर आणणारच. तुम्ही स्वतःहून मांडलंत तर बाकीच्या आकड्यांवर न्यायाधीशांचा विश्वास बसतो.

दुप्पट केलेली रक्कम किती होते त्यावर कोर्टाचा विभाग ठरतो. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचा विभाग, त्याची मर्यादा जुलै २०२२ पासून ५,००० डॉलर आहे. त्यावर २०,००० पर्यंतचे दावे स्पेशल सिव्हिल पार्ट या दिवाणी कोर्टाच्या नेहमीच्या विभागात जातात. समजा डिपॉझिट ३,००० होतं, तर दुप्पट ६,००० होते आणि स्मॉल क्लेम्समध्ये गेलात तर वरचे १,००० सोडावे लागतात. एकच दावा दोन तुकड्यांत लावता येत नाही. स्मॉल क्लेम्समध्ये ज्युरी नसते, कागदपत्रं कमी लागतात, निकाल लवकर लागतो आणि कंपनी आपला अधिकारी पाठवू शकते. वरच्या विभागात कंपनीला बहुधा वकील द्यावा लागतो, आणि प्रतिवादीने मुदतीत लेखी उत्तर द्यायचं असतं. थोडी रक्कम सोडून सोपा रस्ता धरायचा की पूर्ण मागायची, हे घरी बसून शांतपणे ठरवा, कोर्टाच्या खिडकीपाशी नको. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी हे आकडे उचलू नयेत. कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी मर्यादा १२,५०० आहे आणि सुनावणीला वकील चालतच नाही, तर न्यूयॉर्क शहरात ती १०,००० आहे.

यानंतरचं काम लोक सगळ्यात हलक्यात घेतात: प्रतिवादीचं बरोबर नाव. भाडं तुम्ही ज्या गृहस्थांना दिलंत ते कदाचित केवळ मॅनेजर असतील आणि इमारत एखाद्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल. पाटीवरच्या नावावर निकाल मिळवलात आणि त्या नावाची कंपनीच नसली, तर वसुलीच्या वेळी हात चोळत बसावं लागतं. भाडेकरारावरचं नाव अक्षरन् अक्षर पाहा. मग राज्याच्या व्यवसाय-नोंदणीत ती कंपनी शोधा, तिचा रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घेणारा) आणि पत्ता उतरवून घ्या. भाड्याच्या इमारतींच्या मालकांना आपली नोंद करावी लागते: एक-दोन घरांची असेल तर गावाच्या क्लार्ककडे, तीन किंवा जास्त घरांची असेल तर राज्याच्या कम्युनिटी अफेअर्स खात्याकडे. तिथे मालकाचं नाव मिळतं. दावा साधारणपणे प्रतिवादी ज्या काउंटीत राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे लावायचा, म्हणजे एडिसनच्या मालकासाठी न्यू ब्रन्सविकला, जर्सी सिटीच्या मालकासाठी हडसन काउंटीत. समन्स कोर्टच टपालाने पाठवतं, पण पत्ता तुम्ही दिलेला असतो. तो चुकला तर टपाल परत येतं आणि तारीख लांबते.

करारात लवादाचं कलम, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे न्यायची अट, आहे का, तेही वाचा. घरभाड्यात ते कमी दिसतं. फोन, जिम, कर्ज, मूव्हिंग कंपनी यांच्या करारांत फार. १९२५ च्या फेडरल आर्बिट्रेशन अॅक्टमुळे अशी कलमं जोरकस ठरतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एटी अँड टी विरुद्ध कन्सेप्शन हा खटला निकालात काढला, त्याचं मूळ फुकट म्हणून दिलेल्या फोनवर लावलेल्या ३०.२२ डॉलरच्या विक्रीकरात होतं. त्या निकालानंतर लहान लहान ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावायची वाट बरीच बंद झाली. पण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अटालीज खटल्यात बजावलं की आपण कोर्टात जाण्याचा हक्क सोडतोय हे ग्राहकाला कलमातून स्वच्छ कळायला हवं. आणि अशा कित्येक करारांत ‘स्मॉल क्लेम्स कोर्ट मोकळं’ अशी ओळ असते. कलम दिसलं म्हणून घाबरून फाइल मिटवू नका, ती ओळ शोधा.

पुराव्याची फाइल तारखेच्या क्रमाने लावा: भाडेकरार, डिपॉझिटचा चेक किंवा झेलने (Zelle) पैसे पाठवल्याची नोंद, राहायला आलो त्या दिवसाचे फोटो, सोडताना काढलेले फोटो, ईमेल, नवा पत्ता दिल्याचं पत्र आणि सर्टिफाइड टपालाची पावती. सगळं छापून तीन प्रती करा: न्यायाधीशांना, समोरच्याला, आपल्याला. फोन पुढे करून ‘बघा ना’ म्हणण्यावर भरवसा ठेवू नका. मालक आपल्यातलाच असेल आणि व्हॉट्सॅपवर मराठी-हिंदीत बोलणं झालं असेल, तर त्या संदेशांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळही सोबत ठेवा. आवरायला आलेल्या मित्राने लिहून दिलेली चिठ्ठी फार कामाची नसते, कारण कागदाला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत. तो मित्र स्वतः सुट्टी काढून आला तर फरक पडतो. भिंतीवरचे खिळ्यांचे भोक, उन्हाने विटलेला रंग, वापराने मळलेलं कार्पेट ही नेहमीची झीज आहे आणि तिचे पैसे कापता येत नाहीत. मोडलेलं दार मात्र नुकसान. तुमचे फोटो हा फरक दाखवतायत ना, ते एखाद्या तिऱ्हाइताला विचारा.

दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही. तुमची बाजू खरी असण्याची शक्यता समोरच्यापेक्षा थोडी जरी जास्त ठरली तरी पारडं तुमच्याकडे. म्हणून पाच मिनिटांत सांगता येईल असं बोलणं तयार करा: केव्हा राहायला आलो, किती भरले, केव्हा सोडलं, ३० दिवस केव्हा संपले, काय आलं नाही, किती मागतो. इंग्रजीत अडखळत असाल, किंवा दावा आई-बाबांच्या नावाने असेल, तर कोर्टाकडून विनामूल्य दुभाषा मिळतो. मराठी हवी असं दावा लावतानाच लिहून कळवा, कारण मराठीचा दुभाषा शोधायला त्यांना वेळ लागतो.

सुनावणी प्रत्यक्ष आहे की व्हिडिओवर, हे नोटिशीत लिहिलेलं असतं. वेळ पाळा. तुम्ही गेला नाहीत तर दावा निघून जातो; समोरचा आला नाही तर एकतर्फी निकाल मिळू शकतो, पण रकमेचा हिशेब तेव्हाही दाखवावा लागतो. तारखेच्या दिवशी बहुधा आधी तडजोडीला बसवतात. इथे किती रकमेवर राजी व्हायचं तो आकडा घरूनच ठरवून जा. तडजोड झाली तर पैसे कोणत्या तारखेला मिळणार आणि चुकवले तर काय, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका. मालक उलट दावाही लावू शकतो, त्याचं उत्तर फाइलमध्ये असू द्या.

निकाल मिळाला तरी कोर्ट पैसे आणून हातात देत नाही. हरलेल्याला अपिलाला ४५ दिवस असतात. त्याने स्वतःहून भरले नाहीत तर त्याच्या मिळकतीची माहिती मागवणारा कागद कोर्टातून पाठवता येतो आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यामार्फत बँक खातं अडवता येतं. बँक कोणती, हे तुमच्या वटलेल्या भाड्याच्या चेकच्या मागे दिसतं, म्हणून जुने चेक फेकू नका. निकाल २० वर्षं जिवंत राहतो. आणि सगळे पैसे हाती आले की वसुली पूर्ण झाल्याचा कागद कोर्टात तुम्हीच भरायचा असतो.