रात्री फोन सुटत नाही, सकाळी टेकडीवर जाणं बुडतं: शेवटी काय लागू पडलं (माझा अनुभव)

लक्षण: अकराला अंथरुणावर पडूनही साडेबारापर्यंत फोन हातात, साडेपाचचा गजर झोपेतच बंद, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणं राहून जातं. फार वैताग येतो.

ॲप काढून टाकलं तर तेच ब्राउझरमध्ये उघडतं. वेळमर्यादा लावली तर सेटिंगमधून लगेच वाढवता येते. पाच-पाच मिनिटांचे गजर झोप नुसती तोडतात.

क्रम महत्त्वाचा. आधी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणा आणि उठल्याशिवाय हात पोहोचणार नाही इतक्या लांब ठेवा. हे आधीच करायचं, नाहीतर 'गजरासाठी' म्हणून फोन उशाशी परततो. मग चार्जर हॉलमध्ये हलवा. झोपायच्या खोलीतला जादाचाही. त्यानंतर अँड्रॉइडवर सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड रात्री दहा ते साडेपाच लावा, ग्रेस्केल (काळा-पांढरा स्क्रीन) चालू करा. रंग गेले की स्क्रीनची ओढ बरीच कमी होते.

घरी वयस्कर माणसं असतील तर डू नॉट डिस्टर्बमध्ये (कॉल-सूचनांचा आवाज बंद ठेवणारी सेटिंग) त्यांचे नंबर आणि 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर रिंग वाजते. रिंगचा आवाज मोठा हवा, कारण फोन आता हॉलमध्ये आहे.

झोपेची वेळ एकदम ओढू नका. उठण्याची वेळ पक्की धरा, झोपण्याची दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. हिंजवडीच्या ऑफिसातून उशिरा परतणाऱ्यांनी दहाऐवजी अकरा धरले तरी चालेल. रविवारी मात्र तासाभरापेक्षा जास्त लोळू नका, सोमवार तिथेच बिघडतो.