नागपूरच्या इतवारीत खडा घेताना "माल कुठला?" हे कसं विचारायचं

गुरुजींनी पुष्कराज सांगितला की आपल्याकडे माणूस सरळ इतवारी सराफ्यात जातो, रंग पाहतो न पैसे देऊन मोकळा होतो. तसं नका करू ना भाऊ. एकाच रंगाच्या दोन खड्यांचा भाव खाणीच्या नावानं कुठच्या कुठे जातो, म्हणून आधी हेच विचारायचं, माल कुठला.

माणिक घेत असाल तर नावाजलेला म्हणजे बर्माचा, मोगोकचा. पण २००९ मधे मोझांबिकला मोंतेपुएझकडे मोठा साठा सापडला, तेव्हापासून बाजारात तिकडचाच माल भरपूर येऊन राहिला. वाईट नाही तो, फक्त बर्माच्या भावात घेऊ नका. खरी भीती काच भरलेल्या माणकाची. दहा पॉवरचं भिंग मागा (देत नसेल तर उठा तिथून), लाइटखाली खडा हळूहळू फिरवा, आत गोल बुडबुडे नाहीतर भेगेवर निळी चमक दिसली की समजायचं भेगा काचेनं बुजवल्या आहेत. असा खडा लिंबाच्या रसानंही खराब होतो, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या हातात तर नकोच.

नीलम न पुष्कराज सिलोनी म्हटला की श्रीलंकेचा, रत्नपुराकडचा. "बँकॉक" म्हणाला तर पुढे विचारा, कारण तिथे बाहेरच्या देशातला कच्चा माल पण येतो, भट्टीत तापवून कापून विकतात, खाण भलतीकडेच असते. काश्मिरी नीलम कोणी स्वस्तात देत असेल तर लांबूनच नमस्कार, पाडरच्या खाणीतला चांगला माल १८८० च्या दशकातच जवळपास संपला.

पाचू कोलंबियाचा महाग, झांबियाचा जरा निळसर झाक असलेला. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतंच, तेव्हा किती भरलंय ते विचारा न सोनाराला सांगून ठेवा की दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमधे टाकू नको.

आणि हिऱ्यासाठी आपण सुरतेकडे पाहतो पण जुन्या काळी गडचिरोलीतल्या वैरागडला हिऱ्याच्या खाणी होत्या, ऐन-ए-अकबरीत नोंद आहे.

खडा तपासणाऱ्या लॅबच्या रिपोर्टवर खाणीचा देश आपोआप येत नाही, वेगळा मागावा लागतो न तोही लॅबचं मतच असतं, महाग खडा असेल तरच तो खर्च करा. पण तापवलाय का, काही भरलंय का, हे रिपोर्टमधे पाहिजेच. आणि भाव कॅरेटमधेच ठरवा, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं.