तिकिटावरून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढायचे

मुंबईहून रात्री 1:30 ला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7:30 ला पोहोचतं, असं तिकिटावर दिसलं की प्रवास सहाच तासांचा वाटतो. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, म्हणून हा घोळ होतो.

1. पोहोचण्याची वेळ भारतीय वेळेत आणा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे तिथले सकाळचे 7:30, आपले संध्याकाळचे 5.
2. त्यातून सुटण्याची वेळ वजा करा: साडेपंधरा तास. आईबाबांची औषधं, मधुमेह असेल तर खाण्याच्या वेळा, सगळं याच आकड्यावर बसवा. हातातल्या बॅगेत गोळ्या थोड्या जास्तच ठेवा.
3. ताळा हवा असेल तर किलोमीटरमधल्या अंतराला 850 ने (विमानाचा साधारण ताशी वेग) भागून अर्धा तास मिळवा. मुंबई-न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर, म्हणजे पंधरा तासांच्या आसपास. येताना वारा पाठीशी असल्याने बहुधा तासभर कमी लागतो.

एक सांभाळा: अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा धरा.