पंख्याचा रेग्युलेटर बदलायचाय? आधी मीटर मोजा

आईच्या खोलीत तो जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर होता, पंखा दोनवर ठेवून तासाभराने हात लावला की चांगलाच गरम लागायचा. ती गरमी म्हणजे आपण पैसे भरलेली वीज, कारण आत रेझिस्टन्सची तार असते आणि पंखा हळू केला की वाचायला हवी त्यातली बरीच वीज ती तारच खाते.

आधी मोजा. फ्रिज, इन्व्हर्टर सगळं बंद करून फक्त एक पंखा फुलवर ठेवा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, एका युनिटला किती वेळा ते तिथेच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. तसं असेल तर ७५ वॅटचा पंखा १० मिनिटांत ४० वेळा लुकलुकवतो. मग दोनवर ठेवून परत मोजा, फारसा फरक नसेल तर रेग्युलेटर बदलाच.

नवा घेताना कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर मागा, तो तापत नाही आणि पंखा गुणगुणतही नाही. बसवताना मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री, जुन्या वायरिंगचा मोबाईलवर फोटो. रेग्युलेटरला दोनच वायरी, फेजच्या मधे, उलटसुलट झाल्या तरी चालतं पण स्क्रू घट्ट हवेत. जमत नसेल तर वायरमन बोलवा, यात लाजायचं काही नाही.

सॉकेटला लावायच्या पॉवर सेव्हर डब्यांवर मात्र पैसे घालवू नका. शेजारच्या काकूंनी घेतला होता, आम्ही लावून आणि काढून दोन्ही वेळा मोजलं, ब्लिंक तेवढेच. आत कपॅसिटर असतो, त्याने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग खरा कामी येतो ते) सुधारेलही, पण घरचं बिल येतं युनिटवर.

आणि तुमचा पंखा कायम पाचवरच असेल तर रेग्युलेटर बदलून काहीच वाचणार नाही, तिथे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखाच घ्या. त्याचा कंट्रोलर मोटरच्या आतच असतो, फुलवर साधारण ३० वॅट, म्हणजे रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट कमी. फक्त भिंतीवरचा रेग्युलेटर काढून त्या दोन वायरी कनेक्टरने नीट जोडून घ्या, नाहीतर कोणीतरी सवयीने तो फिरवतं आणि आतलं सर्किट बिघडू शकतं. आईच्या खोलीत शेवटी हाच लावला, १० मिनिटांत १६ ब्लिंक.