सिग्नलला गाडी थरथरते? गॅरेज गाठण्याआधी घरी करायची तपासणी

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला उभा होतो आणि गाडीचा आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) काटा झोके घ्यायला लागला. ७०० वर यायचा, ११०० पर्यंत चढायचा, पुन्हा खाली. गॅरेजमध्ये चारही इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे पार्ट) बदलायला सांगितलं. मी गाडी तशीच घरी आणली, इंजिन थंड होऊ दिलं आणि टॉर्च घेऊन एकेक नळी चाचपत गेलो. इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांकडे, जाणारी बोटाएवढी रबरी नळी वरून धडधाकट दिसत होती. खालून बोट फिरवलं तेव्हा भोक लागलं, उंदराने कुरतडलेलं. नळी बदलली आणि काटा जागेवर बसला. कॉइल चारही चांगल्या होत्या.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो: पार्ट बदलायच्या आधी गाडी नेमकी कधी आणि कशी थरथरते ते टिपून घ्या. खालची पद्धत पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे, डिझेलचं गणित वेगळं.

सुरुवातीला काळजीचं. गाडी उघड्यावर उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या, कारण रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

पहिली पायरी: काटा बघा

इंजिन चांगलं तापू द्या. एसी, दिवे बंद करा. तापलेल्या इंजिनचा काटा साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर हवा. पहाटे गार इंजिनला तो १२०० किंवा त्याच्याही वर जातो आणि इंजिन तापेल तसा उतरतो. नाशिकच्या थंडीत हे ठळक जाणवतं, तो बिघाड नव्हे.

आता तीन शक्यता. काटा स्थिर आहे पण सीट आणि स्टेअरिंग थरथरतंय, तर संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं त्या रबरी आधारांवर. रेस किंचित वाढवून थरथर कमी झाली तर तो आणखी पक्का होतो. मात्र तीन सिलिंडरच्या गाडीत थोडी थरथर मुळातच असते, तिला दोष समजू नका. काटा एका लयीत वर-खाली होतोय, तर कुठून तरी जादा हवा आत जातेय किंवा थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या जागी) काजळी साचलीय. आणि काटा मध्येच गचके खातोय, सायलेन्सरमधून सलग आवाजाऐवजी अधूनमधून ‘भक्’ येतंय, तर गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये.

दुसरी पायरी: इंधन बदलून पाहा

सीएनजी गाडीवाल्यांना ही तपासणी फुकटात मिळते. फक्त सीएनजीवर थरथरत असेल आणि पेट्रोलवर नाही, तर प्लग किंवा गॅस किट बघा. सीएनजी पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर त्रास असेल, तर टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट). दोन्हीवर सारखाच त्रास असेल तर प्लग, कॉइल, हवेचा मार्ग.

तिसरी पायरी: हवेचा मार्ग

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. अंबड, सातपूरच्या एमआयडीसीत रोज जा-ये असेल तर तो लवकर भरतो. मग नळ्या. कान लावला तर गळक्या नळीतून बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं. संशयित रबरी नळी चालू इंजिनवर पकडीने हलकेच दाबा. काट्याची चाल लगेच बदलली तर त्या वाटेवर गडबड आहे. पुष्कळजण नळ्यांवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) फवारतात. तापलेल्या इंजिनवर ते पेट घेऊ शकतं, तसं करू नका.

थ्रॉटल बॉडी काजळली असेल तर इंजिन बंद असताना थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जबरदस्तीने ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांचा आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) थोडा वेळ चढा राहतो, काहींच्या कॉम्प्युटरला तो स्कॅनरवरून पुन्हा शिकवावा लागतो.

चौथी पायरी: मिसिंग कुठल्या सिलिंडरला?

यासाठी ओबीडी स्कॅनर हवा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. साधा ब्लूटूथवाला मोबाइलवर चालतो. पी०३०० म्हणजे मिसिंग इकडे-तिकडे, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला, पी०३०२ दुसऱ्या. समजा पी०३०१ आला. इंजिन बंद करून गार होऊ द्या, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल आपसात बदला, कोड पुसा आणि गाडी चालवून पाहा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करा. एका कॉइलच्या जागी चार घ्यायची वेळ यामुळे येत नाही. जुन्या गाडीत प्लगची वायर चालू इंजिनवर उपटायची सवय काहींना असते. तिच्यात हजारो व्होल्ट असतात, हात लावू नका.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही पाहा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला हा आकडा +१५ ते +२० टक्क्यांवर असून २५०० आरपीएमला उतरत असेल, तर हवेची गळती जवळपास नक्की. एमएपी सेन्सरच्या (हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाड्यांत मात्र गळती असूनही ट्रिम फारसा हलत नाही, आयडल चढा राहतो. तिथे काट्यावर भरवसा ठेवा.

पाचवी पायरी: एसीचा भार

एसी लावल्यावर काटा क्षणभर खाली जाऊन सावरतो. सावरलाच नाही, गाडी बंद पडली, तर थ्रॉटल बॉडी पुन्हा पाहा आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या पार्टमध्ये) जाऊन तो जळतो, आणि तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो. मेकॅनिकला घरीच बोलवा आणि टिपलेलं दाखवा: थंड की गरम, गॅस की पेट्रोल, काटा कुठून कुठे जातो, कोड कोणता.