मूत्रसंस्थेचा धडा लिहिताना या चुका टाळा

दहावीच्या वह्या तपासताना एक आकृती दरवर्षी हमखास भेटते: दोन्ही वृक्कं (म्हणजे मूत्रपिंडं, किडन्या) तराजूच्या पारड्यांसारखी एका रेषेत. खरं तर उजवीकडे वर यकृत बसलेलं असतं, म्हणून उजवं वृक्क डाव्यापेक्षा थोडं खाली असतं. ते खाली दाखवताना मुलं पुन्हा फसतात. आकृतीतलं शरीर आपल्याकडे तोंड करून उभं आहे, त्यामुळे त्याची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. पेन्सिल टेकवण्याआधी वरच्या कोपऱ्यात 'उ' आणि 'डा' लिहून ठेवा.

दुसरा घोळ नावांचा. वृक्कापासून मूत्राशयापर्यंत येणाऱ्या दोन नळ्या म्हणजे मूत्रवाहिन्या. मूत्राशयातून बाहेर जाणारी नळी एकच, ती मूत्रमार्ग.

पण सर्वांत जास्त गुण जातात ते 'वृक्क म्हणजे गाळणी' एवढंच लिहून थांबल्यामुळे. जरा हिशोब करून बघा. दोन्ही वृक्कांतल्या नेफ्रॉनमध्ये, म्हणजे गाळण्याचं काम करणाऱ्या अतिसूक्ष्म घटकांमध्ये, मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे वीस लिटरच्या नऊ बादल्या! आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. मग बाकीचं जातं कुठे? ते रक्तात परत घेतलं जातं. केशिकागुच्छात, म्हणजे नेफ्रॉनच्या सुरुवातीला असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या झुपक्यात, दाबाखाली पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया हा टाकाऊ पदार्थ असं सगळंच रक्तातून बाहेर पडतं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं तेवढी मागे राहतात. पुढच्या नलिकेत ग्लुकोज जवळजवळ पूर्ण आणि पाणी गरजेप्रमाणे परत शोषलं जातं, नको असलेले काही पदार्थ वरून आणखी सोडले जातात. म्हणून लघवीत साखर दिसली की डॉक्टर आधी मधुमेह तपासतात: रक्तातली साखर इतकी वाढलेली असते की नलिकेला ती सगळी परत घेता येत नाही. उत्तरात गाळण, पुनःशोषण आणि स्रवण या तिन्ही पायऱ्या हव्यातच.

'युरिया वृक्कात तयार होतो' हेही चूक. तो मुख्यतः यकृतात तयार होतो, वृक्क तो फक्त बाहेर टाकतं.

आता एक चूक आम्हा शिक्षकांची. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर मावतं, पण लघवी लागल्याची जाणीव त्याच्या निम्म्यावरच होऊ लागते. मुलांचं मूत्राशय तर आणखी लहान. शाळेतलं स्वच्छतागृह नकोसं वाटतं म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. 'मॅडम, जाऊ का?' असं कुणी विचारलं, तर तास संपायची वाट बघायला लावू नका.