रसायनशास्त्रातून कुलगुरूपदाकडे: हिशेब शेवटापासून मांडा

एम.एस्सी.च्या वर्गात बसून कुलगुरूपदाचा विचार करणं हास्यास्पद वाटेल, पण वर्षांचा हिशेब तेव्हाच मांडलेला बरा. महाराष्ट्रात कुलगुरूंची मुदत 5 वर्षं, वयाची मर्यादा 65. पूर्ण मुदत हवी तर साठीच्या आत निवड व्हायला हवी. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2018 ची नियमावली विद्यापीठात प्रोफेसर म्हणून 10 वर्षं मागते (संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनातली 10 वर्षंही चालतात), म्हणजे पन्नाशीपर्यंत प्रोफेसर. आणि एक खाचखळगा: रजा घेऊन पीएच.डी. केली तर ती वर्षं अध्यापनाच्या अनुभवात धरत नाहीत. नोकरी सांभाळून केली तर धरतात.

सोलापूरला ही वाट नवी नाही. 2004 साली सुरू झालेल्या इथल्या विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. बी. पी. बंडगर आणि डॉ. एन. एन. मालदार, दोघेही रसायनशास्त्राचेच.

आधी सेट-नेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका. विज्ञान विषयांच्या सीएसआयआर नेटमध्ये मात्र आहे. तिथे सी भागात 60 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, 200 पैकी 100 गुण त्यातच.

संशोधनाचा विषय इथे दारात आहे: चादरी-टॉवेलच्या रंगाईचं सांडपाणी. पण बहुतेक जण डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलीन ब्लू हा रंग घेतात, तो मोडणारा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) टाकतात, 664 नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशशोषणाचा आलेख उतरताना दिसला की शोधनिबंध लिहून मोकळे. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह डाय (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग) लागतात, सोबत ढीगभर मीठ आणि सोडा अॅश. त्यातले क्लोराइड-कार्बोनेट रंग मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकलच खाऊन टाकतात, आणि बाटलीत झकास चालणारा कॅटॅलिस्ट खऱ्या पाण्यात ढिम्म हलत नाही. खरं पाणी आणून तपासा. निबंध कमी होतील, पण मुलाखतीत टिकतील.

प्रशासन प्रयोगशाळेतच शिकायला मिळतं, म्हणून लॅब इन्चार्जचं काम टाळू नका. डायइथिल ईथर 34.6 अंशाला उकळतं, सोलापूरचा एप्रिल चाळिशीपार. बाटली थंड न करता बूच काढलं तर वाफ उसळते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा; जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साचतात. अभ्यास मंडळ, विद्या परिषद ही विद्यापीठाची मंडळं पुढे येतीलच, पण ऑडिटर पहिल्यांदा मागतो ते डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही. त्यात बिल क्रमांक, तारीख, किंमत हवी, आणि तोच अनुक्रमांक वस्तूवर ऑइलपेंटने. स्टिकर लावू नका, अॅसिडच्या वाफेने दोन उन्हाळ्यांत गळून पडतो.